श्वान उद्यानाचे काम चालू आहे, क्षमस्व

सार्वजनिक बागेचं नूतनीकरण होणार अशी बातमी आली की आसपासच्या रहिवाशांच्या पोटात गोळा येतो. हा गोळा अनुभवाचा असतो. बागेला पत्रे लागतात, पत्र्यांवर पुढाऱ्यांचे हसरे फोटो लागतात, आणि उन्हाने फोटो फिके पडून कोण कुठल्या पक्षाचा हे कळेनासं झालं तरी पत्रे काही निघत नाहीत. त्यातून नूतनीकरण कुत्र्यांसाठी राखलेल्या तुकड्याचं असेल, तर हरकती-सूचनांची सुनावणी बघण्यासारखी होते. एका बाजूला ज्यांच्याकडे कुत्रा आहे ते, दुसऱ्या बाजूला ज्यांच्या खिडकीखाली दुसऱ्याचा कुत्रा आहे ते. एरवी लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाठ करून उभे राहणारे हे दोन पक्ष त्या दिवशी शेजारी शेजारी बसून एकाच सुरात विरोध करतात. उद्यान विभागाच्या अधिकाऱ्याला याचं मनापासून नवल वाटतं. नवंकोरं फुकटात मिळतंय, तरी कुरकुर! दुसऱ्या दिवशी पेपरात ‘श्वान उद्यानाला नागरिकांचा विरोध’ अशी चौकट येते आणि ती वाचून तिसरेच लोक म्हणतात, यांना काही कामधंदे नाहीत. माझं म्हणणं असं, की या कुरकुरीची फाइल एकदा शांतपणे पहिल्या पानापासून वाचावी. सगळ्या प्रकरणात कुत्र्याचा विचार केलेला तेवढाच कागद असतो. निविदेत कुत्रा सापडत नाही.

निविदेत काय सापडतं? कमान सापडते. कमानीवर हाडाच्या आकाराची पाटी असते. पेव्हर ब्लॉकची वाट, स्टेनलेस स्टीलचं रेलिंग, रंग बदलणारे एलईडी, ‘आय लव्ह’ने सुरू होणारी पुरुषभर उंचीची अक्षरं, फायबरचा एक लॅब्राडोर आणि परदेशी फोटोतून उचललेला लालभडक फायर हायड्रंट. आता या लाल रंगाचंच घ्या. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्र्यांना रंग कितपत कळतात याची चाचणी घेऊन १९८९ साली निष्कर्ष छापले. रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या, कुत्र्याच्या डोळ्यात दोनच. निळा आणि पिवळा त्याला नीट कळतो. लाल आणि हिरवा त्याच्या लेखी एकाच मळकट घराण्यातले. म्हणजे हिरवळीवर उठून दिसावा म्हणून रंगवलेला तो हायड्रंट ज्याच्यासाठी उभा केला त्यालाच उठून दिसत नाही. ज्याला दिसतो तो फोटो काढून घरी जातो. कुत्र्याचा सगळा कारभार चालतो नाकावर. जुन्या गंजक्या खांबापाशी तो दोन मिनिटं घुटमळतो तेव्हा इथे कोण येऊन गेलं, कधी गेलं, नर होता की मादी, याची चौकशी पुरी झालेली असते. नूतनीकरणाची सुरुवात तो खांब घासून, प्रायमर मारून, वर ऑइल पेंटचे दोन हात देऊन होते. साहेब पाहणीला येतात तेव्हा खांब चकचकत असतो. कुत्रा तो एकदा हुंगतो आणि तोंड फिरवतो. तेवढ्यात साहेबांचा शेरा पडलेला असतो: काम समाधानकारक.

याचा अर्थ श्वान उद्यान हे खूळच आहे असा घेऊ नये. हैदराबाद महापालिकेने २०१८ साली कोंडापूरला कुत्र्यांसाठी खास बाग केली. जागा सव्वा एकराहून किंचित मोठी, पूर्वी तिथे कचरा टाकत; खर्च एक कोटी दहा लाखांच्या घरात. देशातली अशा तऱ्हेची पहिली बाग म्हणून गाजावाजा झाला आणि तो अगदीच पोकळ नव्हता. मोठ्या आणि लहान कुत्र्यांना वेगवेगळी कुंपणं, फिरायला वाट, डुंबायला उथळ हौद, पशुवैद्यकाची सोय. कुत्र्याला विचारून केल्यासारखी यादी. आणि याच यादीत एक अँफिथिएटर! कुत्र्यांच्या बागेत अँफिथिएटर कशाला, असा प्रश्न ज्याला पडतो त्याने आपल्याकडच्या बागांचे नकाशे पाहिलेले नसतात. नकाशावर कुठलाही कोपरा रिकामा राहिला की तिथे अँफिथिएटर उगवतं. माणसांच्या बागेतल्या अशा पायऱ्यांवर वर्षातून एखादा कार्यक्रम होतो, बाकी दिवस दुपारी लोक झोपतात. कुत्र्यांच्या बागेतल्या पायऱ्यांचं भवितव्य याहून निराळं असायचं कारण नाही, आणि सावली बघून अंग मुडपून झोपण्याच्या बाबतीत कुत्रा आपल्यापेक्षा तयारीचा आहे. रहिवाशांची धास्ती नेमकी इथली आहे. उद्यान होण्याला त्यांची ना नसते. उद्यान पहिल्यांदा होतं तेव्हा कुंपण, पाणी आणि डॉक्टर येतात. नूतनीकरण निघालं की पायऱ्या येतात.

अमेरिकेत या गोष्टी बऱ्यापैकी बरोबर क्रमाने घडल्या, म्हणून तो क्रम सांगण्यासारखा आहे. कुत्र्याची घाण मालकाने उचलायची, असा कायदा न्यूयॉर्कमध्ये १९७८ च्या ऑगस्टपासून लागू झाला. लोक वैतागून कुत्री सोडून देतील, अशी भीती तेव्हा घातली गेली. लोकांनी कुत्री सोडली नाहीत, ते वाकायला शिकले. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ओलोनी पार्कमध्ये कुत्र्यांना मोकळं सोडायची जागा झाली. जगातलं पहिलं श्वान उद्यान म्हणून तिचं नाव घेतात. त्या जागेची कथाही ऐकण्यासारखी आहे. बर्कलीकरांनी १९६६ मध्ये मतदान करून, वरचा खर्च स्वतःच्या करातून देऊन, गावातून जाणारी लोकल जमिनीखाली घालून घेतली. बोगद्यासाठी वरची घरं पडली, काम झाल्यावर लांबट पट्टा उरला, आणि त्यावर आधी झाडं आली, मग कुत्री. गाडीचा खडखडाट नको म्हणून खिशात हात घालणाऱ्या गावाच्या वाट्याला अशा रीतीने भुंकणं आलं, आणि त्याबद्दल शेजाऱ्यांनी तक्रारी केल्याच. न्यूयॉर्कला पहिलं श्वान उद्यान मिळालं १९९० मध्ये, टॉम्पकिन्स स्क्वेअरला. त्याचं नूतनीकरण झालं २००८ मध्ये, साडेचार लाख डॉलर खर्चून. आकडा ऐकून डोळे पांढरे होतात, पण पैसा गेला कुठे ते बघा: पायाखालच्या भुशाजागी बारीक वाळूचा थर, डुंबायला तीन लहान हौद, अंघोळीची जागा, पाण्याच्या नळ्या, झाडांच्या बुंध्यांना संरक्षण. आधी वाकणं, मग कुंपण, मग हौद. आपल्याकडे मुंबईत पाळीव प्राण्याने केलेली घाण न उचलल्यास ५०० रुपये दंड २००६ च्या उपविधींत लिहून ठेवलेला आहे. दंड करायला येणाऱ्याने कुत्र्याच्या मालकाला गाठायचं म्हणजे आधी कुत्र्याला गाठावं लागतं, ही अडचण उपविधी लिहिणाऱ्यांच्या लक्षात राहिली नसावी. वाकण्याचा धडा असा अर्धवट राहिला, आणि आपण थेट कमानीवर आलो.

सुनावणीतला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात मोलाचा भाग जमिनीबद्दलचा असतो. तिथे बहुतेक एखादे निवृत्त गृहस्थ उठतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, “पाणी कुठे जाणार?” सभागृह हसतं. हसू नये. श्वान उद्यानाचं सगळं शास्त्र या तीन शब्दांत आहे. हिरवळ लावली तर ती कुत्र्यांच्या धावण्याने आणि मुतण्याने मरते; मुतातल्या नत्राने गवत जळून जागोजाग पिवळी वर्तुळं पडतात, मग त्या वर्तुळांची माती होते, मातीचा चिखल. लाकडाचा भुसा टाकला तर तो ओल धरतो, कुजतो, त्याला बुरशी येते आणि घाण त्यात अशी लपते की उचलायची इच्छा असलेल्यालाही सापडू नये. दगडाची बारीक चुरी पाण्याचा निचरा छान करते, पण उन्हाळ्यात तिची धूळ थेट पहिल्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाते, आणि त्या मजल्यावरून हरकत येते. कृत्रिम गवत उद्घाटनाच्या फोटोत सगळ्यांत देखणं दिसतं. मे महिन्याच्या दुपारी ते इतकं तापतं की त्यावर अनवाणी उभं राहवत नाही, आणि कुत्रा कायमच अनवाणी असतो. त्याला घाम येतो तोसुद्धा मुख्यतः पंजांच्या गाद्यांनाच. शिवाय कृत्रिम गवताखाली मुरलेलं मूत धुऊन काढलं नाही तर आठवड्याभरात अख्ख्या गल्लीला त्याचा पत्ता लागतो. राहिले पेव्हर ब्लॉक. यांच्याविषयी महाराष्ट्रातल्या कुठल्याही माणसाला वेगळं सांगायला नको. एक ब्लॉक खचतो, त्याच्या शेजारचा वर येतो, मधल्या फटीत नख अडकतं, आणि पावसाळ्यात त्याच ब्लॉकवर पाय दिला की खालचं पाणी चपापकन पँटवर उडतं.

ही सगळी परदेशी तंत्रं आणताना आपण पाऊस मात्र इथलाच ठेवतो. बर्कलीत वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याच्या तिपटीहून जास्त मुंबईत पडतो, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. अशा ठिकाणी उतार काढला नसेल तर जुलैमध्ये श्वान उद्यानाचं डबकं होतं. डबक्यात उंदरांचं आणि कुत्र्यांचं मूत मिसळतं आणि त्यातून लेप्टो पसरतो, हे महापालिकेचाच आरोग्य विभाग दर पावसाळ्यात कानीकपाळी ओरडून सांगतो. त्याच महापालिकेचा उद्यान विभाग अंदाजपत्रकात कमानीला जेवढी जागा देतो तेवढी गटाराला देत नाही. कारण उघड आहे. गटाराचं उद्घाटन करता येत नाही. केलं तरी फोटोत दिसत नाही. तेव्हा ‘पाणी कुठे जाणार’ विचारणारे गृहस्थ सभागृहाला कितीही रटाळ वाटोत, त्या दालनात उद्यान विभागाला आरोग्य विभागाची आठवण करून देणारे ते एकटेच असतात.

दुसरी हरकत फाटकाची. ही सहसा एखाद्या काकूंची असते, आणि ती ऐकली की त्यांनी श्वान उद्यान वापरलेलं आहे हे लगेच कळतं. चांगल्या श्वान उद्यानाला एकामागोमाग एक अशी दोन फाटकं लागतात आणि मध्ये दोन माणसं मावतील एवढी मोकळी चौकट. बाहेरचं लावलं की आतलं उघडायचं, मधल्या चौकटीत साखळी काढायची. यात लाडावण्यासारखं काही नाही. एकच फाटक असेल तर एक कुत्रा आत येताना दोन बाहेर जातात, आणि त्या दोघांमागे त्यांचे मालक इंग्रजीत ओरडत जातात. (घरात सात पिढ्यांचं मराठी असलं तरी कुत्र्याला हाक इंग्रजीतच का मारतात हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) काकूंचं पुढचं म्हणणं फाटकाच्या कडीबद्दल असतं. नूतनीकरणात बसवलेली कडी देखणी पितळी असते, वर उचलून मग आडवी सरकवायची. ज्याच्या एका हातात ओढणारा कुत्रा आणि दुसऱ्या हातात नुकतीच भरलेली पिशवी आहे, त्याने ती कशाने सरकवायची? दातांनी? जुनी कडी वाकडी होती, पण कोपराने ढकलली की लागायची. लहान आणि मोठ्या कुत्र्यांमधल्या कुंपणाबद्दलही असंच. नव्या नकाशात ते ‘मोकळेपणाचा अनुभव’ यावा म्हणून काढून टाकलेलं असतं. दोन किलोचा चिवावा आणि चाळीस किलोचा रॉटवायलर एकत्र आले की मोकळेपणाचा अनुभव एकालाच येतो. त्या वेळी दुसऱ्याचा मालक “आमचा काही करत नाही हो” म्हणतो, आणि खरोखर, आजवर त्याने काही केलेलं नसतं.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की रहिवासी कशालाच हो म्हणत नाहीत. दिवे नकोत म्हणतात आणि अंधार आहे म्हणून तक्रारही करतात. बाकं हवीत, पण त्यांवर कुणी बसायला नको. उद्यान जवळ असावं, पण शेजारच्या इमारतीच्या जवळ. हे सगळं खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. भुंकण्याविषयीच्या काही अर्जांचा सूर तर असा असतो, की कुत्र्यांनी यावं, खेळावं, पण आवाज न करता. त्या अर्जदारांना मी एवढंच म्हणेन, की न भुंकणारा प्राणी हवा असेल तर मांजरासाठी उद्यान मागा. मांजर तिथे येणार नाही, म्हणजे शांतताही मिळेल. पण परस्परविरोधी मागण्या आल्या म्हणून त्या मागण्या फोल ठरत नाहीत. दिवे नकोत आणि अंधारही नको, याचा अर्थ खाली वळवलेले, कमी उंचीचे दिवे लावा, खिडकीत घुसणारे हॅलोजन नकोत. भुंकण्याचा त्रास आणि उद्यानाची गरज, याचा अर्थ वेळा ठरवा. न्यूयॉर्कमध्ये बऱ्याच बागांत सकाळी नऊपर्यंत आणि रात्री नऊनंतर कुत्री मोकळी सोडायची वर्षानुवर्षांची पद्धत होती. क्वीन्समधल्या एका नागरिक संघटनेने तिच्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली, हरली, आणि २००७ मध्ये ती पद्धत रीतसर नियमात बसली. भांडणातून घड्याळ निघालं. सुनावणी म्हणतात ती यासाठीच असते. शिवाय ‘काम चालू असताना कुत्री जातील कुठे’ ही हरकत परस्परविरोधीसुद्धा नाही, त्यावर दोन्ही पक्षांचं एकमत असतं. बाग बंद झाली म्हणून कुत्र्याचं पोट बंद होत नाही. ते जिन्यात, पार्किंगमध्ये, गच्चीत आणि शेजाऱ्याच्या स्कूटरच्या मागच्या चाकावर उघडतं. ठेकेदार ‘पावसाळ्यापूर्वी’ म्हणतो, पण वर्ष सांगत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि तो टाळता येत नाही. मुलांना खेळायला मैदानं नाहीत, म्हाताऱ्यांना बसायला सावली नाही, आणि तुम्ही फ्लॅटमधल्या कुत्र्यांचे लाड काय करता? मुंबईत माणशी मोकळी जागा चौरस मीटरात मोजायची तर एका हाताची बोटंही जास्त होतात, तेव्हा हा प्रश्न विचारणारा हेकट नसतो. पण त्याच्या प्रश्नाचा रोख उद्यानापेक्षा नूतनीकरणाकडे जास्त जातो हे त्याच्याही लक्षात येत नाही. कुंपण घातलेला साधा मातीचा तुकडा हा मुलं आणि कुत्री यांच्यातला स्वस्तातला तह आहे. महाग असते ती कमान. कुत्र्याला मोकळी सपाट जमीन मिळाली की त्याची हौस फिटते, याचा दाखला खुद्द दिल्लीने दिला. २०२२ साली त्यागराज स्टेडियममधून खेळाडूंना संध्याकाळी लवकर घालवतात आणि मग तिथे एक सनदी अधिकारी कुत्रा फिरवतात, अशी बातमी आली. अधिकाऱ्यांनी इन्कार केला, तरी त्यांची बदली लडाखला आणि पत्नीची अरुणाचलला झाली. कुत्रा कुणाकडे गेला यावर देशभर चर्चा झाली. गैर ते गैरच. पण राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेल्या त्या स्टेडियममधला नेमका रिकामा भाग तेवढा कुत्र्याच्या कामाचा होता, प्रेक्षागृह नव्हे. आणि श्वानप्रेम हे परवाचं पाश्चात्त्य फॅड आहे म्हणणाऱ्यांनी १८३२ चा जून आठवावा. कंपनी सरकारने मुंबईतली भटकी कुत्री मारायला डोईमागे आठ आणे लावले, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, इतर समाज त्यांना मिळाले, दुकानं बंद झाली, कुलाब्याच्या पलटणीची रसद अडली. मुंबईत आगगाडी यायला तेव्हा एकवीस वर्षं अवकाश होता. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकाराने पांजरपोळ उभा राहिला. त्याला सेल्फी पॉइंट नव्हता.

राहता राहिला तो, जो कुठल्याही सुनावणीला बोलावला जात नाही आणि कुठलीही चुकवत नाही. बागेत आधीपासून राहणारा गावठी कुत्रा. नकाशावर तो नसतो, उद्घाटनाच्या पत्रिकेत नसतो, पण त्याची कायदेशीर बाजू सगळ्यांत भक्कम आहे. प्राणी जनन नियंत्रण नियम, २०२३ सांगतात की नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्याला जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ११ ऑगस्टला दिल्लीतली कुत्री उचलून निवाऱ्यात न्या म्हटलं. २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठाने ते बदललं आणि पिसाळलेली किंवा हल्लेखोर सोडून बाकीची लस टोचून मूळ जागी सोडा, खाऊ घालायच्या जागा मात्र ठरवून द्या, असं सांगितलं. पुढे शाळा, रुग्णालयं, स्थानकं यांच्या आवारांसाठी आदेश आणखी कडक झाले. बाग त्या यादीत आली नाही तोवर तिथला गावठी हा पागडीचा भाडेकरू आहे: इमारत पाडा, बांधा, रंगवा, त्याला तिथेच जागा द्यावी लागते. म्हणून ज्या अर्जात ‘आतल्या दोन कुत्र्यांची नसबंदी झाली आहे का आणि त्यांना खाणं कुठे घालणार’ असं विचारलेलं असतं, तो अर्ज भावनेचा नसून कायद्याचा असतो. त्याला अधिकारी ‘नोंद घेतली’ म्हणतात आणि पुढचा विषय घेतात. पुढचा विषय कारंजं असतो.

मग या सगळ्या हरकतदारांना हवं तरी काय? त्यांचे अर्ज एकत्र ठेवले तर मागणी फार मोठी निघत नाही. उतार काढलेली जमीन, दोन फाटकं, कोपराने लागणारी कडी, मधलं कुंपण, एक नळ, वेळांची पाटी, आणि सगळ्यात खाली, बहुधा शाईपेनने, अंदाजपत्रकात कधीच न येणारी एक ओळ: पाच वर्षं रोज सकाळी येणारा एक सफाई कामगार आणि त्याचा पगार. या ओळीवर अधिकारी प्रामाणिकपणे हात वर करतात. बांधकामाला भांडवली निधी मिळतो, देखभाल महसुली खर्चात येते, आणि महसुली खर्च दुसऱ्या खात्याकडे. म्हणजे एक कोटीची कमान बसू शकते, तिच्याखालचा झाडू बसू शकत नाही. तरीही ती ओळ दर सुनावणीला कुणीतरी पुन्हा लिहितंच, आणि तिच्याखाली कुत्रेवाले आणि खिडकीवाले दोघेही सही करतात.